टेंभूचे गोपाळराव आगरकर

यंदाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे मंडळाच्या बैठकीत ठरले. कोणी जिजामाता घेतल्या, कोणी अहिल्याबाई, कोणी सावित्रीबाई. माझी पाळी आली तेव्हा मी गोपाळ गणेश आगरकरांचे नाव सांगितले. बायकांच्या मंडळात पुरुषाचे चरित्र कशाला, असे एक-दोघींना वाटले. मी काही लेखिका नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण हे नाव घेण्याला माझ्यापाशी दोन कारणे आहेत. एक म्हणजे माझे माहेर कराडकडचे आणि आगरकर त्याच तालुक्यातल्या टेंभूचे. दुसरे कारण थोडे लाजेचे आहे. ते शेवटी सांगेन.

टेंभू हे कृष्णाकाठचे गाव. आता उपसा सिंचन योजनेमुळे ते नाव वर्तमानपत्रात येते आणि दुष्काळी भागातल्या लोकांच्या तोंडी असते. त्या गावी १४ जुलै १८५६ रोजी गोपाळरावांचा जन्म झाला. घरची अत्यंत गरिबी. शिकायचे म्हणून मुलाला कराडला आजोळी ठेवले. कराडची शाळा संपली आणि पुढचा रस्ताही संपला. मग या मुलाने कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात औषधे बांधून देण्याचे काम केले. पुढे शिकायला मिळेल या आशेने तो रत्नागिरीला गेला, तेही पायी चालत गेला असे सांगतात. तिथे नीट जमले नाही म्हणून परत आला. अखेर वऱ्हाडात अकोल्याला नातलगांच्या आश्रयाने राहून तो १८७५ साली मॅट्रिक झाला. कराड कुठे, रत्नागिरी कुठे आणि अकोला कुठे! आपल्या मुलांची शाळा दोन गल्ल्या सोडून असली तरी आपण रिक्षा बघतो.

मॅट्रिकनंतर ते पुण्याला डेक्कन कॉलेजात दाखल झाले. तिथेही पैशाची ओढाताण होतीच. अकोल्याच्या ‘वऱ्हाड समाचार’ पत्रात लिहून थोडे पैसे मिळत, निबंधांची बक्षिसे मिळत, त्यावर दिवस काढायचे. अंगात घालायला एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी वाळला की तोच घालायचा, ही गोष्ट आपण शाळेत ऐकली आहे. एकदा परीक्षेच्या फीसाठी नाटक लिहून पैसे मिळवावेत असा त्यांचा विचार चालला होता. ते कळताच कॉलेजातले प्रसिद्ध गणिती केरूनाना छत्रे यांनी त्यांना मदत केली असे सांगतात. असे शिक्षक भेटणे हेही भाग्यच. १८७८ साली ते बी. ए. झाले आणि पुढे एम. ए. सुद्धा झाले.

त्या काळी एम. ए. झालेला मनुष्य म्हणजे सरकारदरबारी मोठ्या पगाराची जागा ठरलेली. टेंभूला आई वाट पाहत असणार. आता मुलगा साहेब होईल, घरावर कौले चढतील, चार भांडी तांब्या-पितळेची येतील. गोपाळरावांनी आईला पत्र लिहिले. मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरते मिळवीन आणि बाकीचा सगळा वेळ लोकांच्या कामी लावीन, अशा अर्थाचे ते पत्र होते. हे पत्र आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. मला मात्र दर वेळी ते वाचणाऱ्या माउलीची आठवण येते. मुलाने त्याग केला हे खरेच, पण आईलाही तो करावाच लागला.

डेक्कन कॉलेजात असतानाच त्यांची बाळ गंगाधर टिळकांशी मैत्री जुळली. एकाच वयाची ही दोन मुले. दोघांनी टेकडीवर फिरताना तासन् तास बोलावे, देशाचे कसे होईल याचा विचार करावा आणि लोकांना शहाणे केल्यावाचून गत्यंतर नाही या एका गोष्टीवर येऊन थांबावे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. टिळक तिथे होतेच, एम. ए. ची परीक्षा देऊन आगरकरही गेले. शाळा तर मुलांसाठी. पण मोठ्या माणसांना कोण शिकवणार? त्यासाठी वर्तमानपत्र. १८८१ च्या जानेवारीत इंग्रजीत ‘मराठा’ आणि मराठीत ‘केसरी’ अशी दोन पत्रे निघाली. ‘केसरी’ची सूत्रे आगरकरांकडे आली. तेव्हा त्यांचे वय अवघे चोवीस वर्षांचे.

तो काळ लक्षात घ्यावा. १८७८ साली सरकारने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांना लगाम घालणारा कायदा केला होता. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. म्हणजे तीच गोष्ट साहेबाच्या भाषेत लिहिली तर चालेल, पण आपल्या भाषेत, आपल्या माणसाला समजेल अशी लिहिली तर तो गुन्हा! ‘केसरी’ निघाला तेव्हा हा कायदा अजून डोक्यावर होता. १८८२ साली रिपनसाहेबांच्या कारकीर्दीत तो रद्द झाला. पण कायदा गेला म्हणून भीती गेली असे नाही, हे लवकरच कळून आले.

त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. वयाने अगदी तरुण. ते वेडे झाले आहेत असे सांगून त्यांना पहाऱ्यात ठेवले होते आणि कारभार माधवराव बर्वे यांच्या हाती होता. महाराजांचा फार छळ चालला आहे अशी कुजबुज साऱ्या महाराष्ट्रात सुरू झाली. आपल्या राजाचे काय चालले आहे हे प्रजेने कोणाला विचारायचे? वाड्याच्या आत काय घडते ते बाहेर कोणी सांगेना. जिथे खरी माहिती कुलुपात असते तिथे दाराच्या फटीतून अफवा बाहेर येतात. अशातच काही पत्रे पुण्यात या तरुण संपादकांच्या हाती आली. महाराजांविरुद्धचा कट बर्व्यांनीच रचला असे त्या पत्रांवरून दिसत होते. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या दोन्ही पत्रांनी कारभाऱ्यांवर कडक लेख लिहिले.

बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. आणि मग कळले की ती पत्रे बनावट होती!

भगिनींनो, मला आगरकरांच्या चरित्रातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुष्कळ लोक तो दोन ओळींत उरकतात, कारण थोर माणसाची चूक सांगायला जड जाते. पण चूक झाली होती. हेतू चांगला होता, महाराजांविषयीचा कळवळा खरा होता, पण हातातला कागद खोटा होता. हे ध्यानात आल्यावर आगरकर आणि टिळक यांनी माफी मागितली. तरीही १७ जुलै १८८२ रोजी मुंबईच्या हायकोर्टात दोघांना चार महिन्यांची कैद झाली.

खटल्याच्या वेळी पुण्याने त्यांना एकटे सोडले नाही. विद्यार्थ्यांनी नाटक करून पैसे जमवले. जोतीराव फुल्यांची मते या तरुणांशी पुष्कळ बाबतींत जुळत नव्हती. तरीही त्यांच्या शब्दाखातर रामशेट बापूशेट उरवणे यांनी १०,००० रुपयांचा जामीन दिला. ज्याचे म्हणणे आपल्याला पटत नाही, त्यालाही बोलता आले पाहिजे म्हणून पैसे उभे करणारी माणसे आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली, हे आपण मुलांना अवश्य सांगावे.

दोघांना मुंबईला डोंगरीच्या तुरुंगात ठेवले. आपण खांदेश्वर स्टेशनावरून हार्बरच्या गाडीने बोरीबंदरला जातो, तेव्हा वाटेत सॅण्डहर्स्ट रोड स्टेशन लागते. तिथून डोंगरी जवळच. पूर्वी मी त्या भागातून जाताना खरेदीच्या पिशव्या सांभाळत बसे. आता मला त्या दोन मुलांची आठवण होते. एवढीशी खोली, डास, ढेकूण, अळणी जेवण. दोघांची वजने घटली. पण बोलणे काही थांबेना. रात्री त्यांचे वादविवाद इतके रंगत की पहारेकऱ्यांना गप्प बसा म्हणून सांगावे लागे. शाळेचे पुढे काय करायचे, देशाचे काय करायचे, आपले चुकले कुठे, सगळा हिशेब तिथे झाला. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाच्या मराठी रूपांतराचे कामही आगरकरांनी तिथे केले. ते पुढे ‘विकारविलसित’ या नावाने छापले गेले. २६ ऑक्टोबर १८८२ रोजी दोघे सुटले तेव्हा बाहेर लोकांची मोठी गर्दी जमली होती. एकूण १०१ दिवस ते आत होते. या दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तकही लिहिले.

आणि ते महाराज? त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवले होते. २५ डिसेंबर १८८३ रोजी, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा अंत झाला. वय वीस वर्षांचे. म्हणजे पत्रे खोटी होती, पण लोकांच्या मनातली काळजी खोटी नव्हती. जे विचारायचे ते बरोबरच होते, पण उत्तर मात्र चुकीच्या माणसाकडून घेतले गेले. वाड्याचे दार उघडे असते, खरी हकिकत लोकांना कळती, तर बनावट पत्रांचे फावले नसते आणि कदाचित त्या पोराचा जीवही वाचला असता. झाकली मूठ सव्वा लाखाची असे आपण म्हणतो. घरच्या गोष्टींत ते ठीक आहे. पण जी गोष्ट साऱ्यांची आहे तिच्यावर मूठ झाकली की नुकसानही साऱ्यांचेच होते.

सुटून आल्यावर आगरकर पुन्हा शाळेच्या आणि ‘केसरी’च्या कामाला लागले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज निघाले. दोन्हींत त्यांचा वाटा मोठा. पण दोन मित्रांत आता अंतर पडू लागले होते. आधी स्वराज्य, मग घरातल्या सुधारणा, असे टिळकांचे मत. घरात बायकांवर आणि गरिबांवर अन्याय करायचा आणि बाहेर साहेबाकडे न्याय मागायचा हे आगरकरांना पटेना. त्याच सुमारास रखमाबाईंचा खटला गाजत होता. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जायचे नाही असे त्या बाईने कोर्टात सांगितले होते. १८८७ साली कोर्टाने हुकूम केला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या! पुढे त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी वर्षानुवर्षे बायकांची सेवा केली. पण तेव्हा बहुतेक लोक त्यांच्या विरुद्ध होते आणि ‘केसरी’चा सूरही विरुद्ध होता. आगरकर रखमाबाईंच्या बाजूचे.

ज्या पत्रासाठी तुरुंग भोगला, त्याच पत्रात मनातले लिहिता येईना. सरकारने नव्हे, आपल्याच माणसांनी लिहू नको म्हटले तर काय करायचे? १८८७ च्या ऑक्टोबरात आगरकरांनी ‘केसरी’ सोडला. वर्षभराने, ऑक्टोबर १८८८ मध्ये, त्यांनी स्वतःचा ‘सुधारक’ काढला. तो मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत निघे, इंग्रजी बाजू सुरुवातीला गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत. पदरी पैसा नाही, दम्याचा विकार जडलेला, शाळा-कॉलेजाचे काम आहेच. तरी दर आठवड्याला पत्र काढायचे.

त्या पत्रात काय लिहिले? बालविवाह बंद करा. विधवांचे केस कापू नका. मुलींना मुलांप्रमाणेच आणि मुलांबरोबर शिकवा. बायकांना स्वतःच्या पायांवर उभे राहता येईल असे शिक्षण द्या. बायकांनी जाकीट घालावे यावरसुद्धा त्यांनी निबंध लिहिला. आज आपल्याला हसू येते. पण आज आपण जे कपडे घालून सकाळी खांदेश्वराच्या तळ्याकाठी फिरायला जातो, ते घालण्यासाठीही कोणाला तरी शिव्या खाव्या लागल्या आहेत.

शिव्यांवर थांबले नाही. पुण्याच्या लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. आपल्या नवऱ्याच्या नावाने तिरडी निघाली आहे हे यशोदाबाईंना कळले तेव्हा त्यांच्या जिवाचे काय झाले असेल! कुंकू लावणारी बाई ती. डोंगरीच्या तुरुंगात शंभर दिवस काढले तेव्हा निदान लोक आपल्या बाजूचे होते. आता लोकच समोर उभे. सरकारपुढे बोलायला धैर्य लागते. शेजाऱ्यांपुढे, नातलगांपुढे, आपल्याच माणसांपुढे बोलायला त्याच्या दुप्पट लागते. हे आपणा बायकांना कोणी समजावून सांगायला नको.

यशोदाबाई स्वतः देवाधर्माच्या होत्या. गोपाळरावांचा व्रतवैकल्यांवर विश्वास नव्हता. पण त्यांनी बायकोला तिचे सोवळे, तिचा देव, तिची व्रते यांत कधी अडथळा केला नाही असे सांगतात. तिला समजावत, पण सक्ती नाही. बाहेर स्वातंत्र्यावर व्याख्याने देणारे आणि घरात बायकोला तोंड उघडू न देणारे पुरुष आपण पुष्कळ पाहिले आहेत. गोपाळराव त्यांतले नव्हते. आपल्या मताला जे स्वातंत्र्य हवे तेच समोरच्याच्या मतालाही, मग ती घरची बाई का असेना.

१८९२ साली वामन शिवराम आपटे वारल्यावर आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. पण शरीर साथ देईना. दमा वाढतच गेला. टिळकांचे आणि त्यांचे बोलणे फार कडवट झाले होते, तरी शेवटच्या आजारात टिळक भेटून गेले. १७ जून १८९५ रोजी आगरकर वारले. एकोणचाळीस वर्षे पुरी व्हायला महिनाभर कमी होता. आपल्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून वेगळे ठेवले होते, म्हणजे घरच्यांना त्या दिवशी कोणापुढे हात पसरावा लागू नये, असे सांगतात. टिळकांनी ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला आणि तो सांगताना त्यांना रडू आवरेना, असेही सांगतात. दोन मित्रांचा वाद मतांचा होता, माणुसकीचा नव्हता.

आता ती लाजेची गोष्ट सांगते.

आमच्या सेक्टरमध्ये एक बोहारीण येत असे. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी. पुष्कळ वर्षांची ओळख. मध्यंतरी फोनवर एक संदेश आला की मुले पळवणाऱ्या बायका भांडीवालीच्या वेषात फिरत आहेत. मी तो वाचला, माझ्या पोटात गोळा आला आणि कोणताही विचार न करता मी तो आमच्या इमारतीच्या सगळ्या बायकांना पाठवला. हेतू चांगला होता, मुलांची काळजी खरी होती. दुसऱ्या दिवशी ती बोहारीण फाटकाशी आली तेव्हा लोकांनी तिला घेरले. टोपली उलटी केली. पातेली रस्त्यावर घरंगळत गेली. चौकशीत निघाले की संदेश खोटा होता आणि असा प्रकार कुठेच घडला नव्हता. मी सगळ्यांना पुन्हा लिहून कळवले की माझी चूक झाली. पण जिची माफी मागायची ती मात्र पुन्हा आमच्या गल्लीत आली नाही. खोटा कागद हातात आल्यावर काय होते ते मला कोल्हापूरच्या प्रकरणातून नव्हे, माझ्याच हाताने कळले. त्यानंतर मुलीच्या शाळेच्या पुस्तकात आगरकरांचा पाठ दिसला आणि मी वाचनालयातून त्यांचे चरित्र आणले.

दुसरी हकिकत चांगली आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी कमी येऊ लागले. आमचे पाणी दुसऱ्या वसाहतीला विकले, असे जो तो सांगू लागला. भांडणाची वेळ आली. संबंधित कचेरीत गेलो तर या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवत. तेव्हा आपल्या मंडळातल्या एका ताईंनी माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायला सुचवले. हा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे. साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहायचा, १० रुपये फी भरायची, दारिद्र्यरेषेखालील माणसाला तीही माफ. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत कचेरीने उत्तर द्यायचे. माहिती कशासाठी हवी हे सांगावे लागत नाही. अर्जावर पहिली सही करताना माझा हात थरथरला. पण उत्तर आले, शिक्क्यानिशी. पाणी विकले नव्हते, जुनी वाहिनी बदलायचे काम रखडले होते. दुसऱ्या वसाहतीतल्या बायकांशी उगीच धरलेला अबोला सुटला आणि रखडलेल्या कामाची तारीख विचारायला आम्ही दोन्हीकडच्या मिळून गेलो.

चौथ्या शिवाजी महाराजांचे काय चालले आहे हे विचारायला त्या काळी असा दहा रुपयांचा अर्ज नव्हता. तो आपल्या हाती आला आहे, तो विनासायास आलेला नाही. बोलण्याचा हक्क आणि खरे कळण्याचा हक्क ही दोन चाके आहेत. एकावर गाडी चालत नाही. नुसतेच बोललो आणि माहिती खरी नसली तर कोणाची तरी टोपली उलटते. खरे ठाऊक असून बोललो नाही तर कोणाला तरी कोंडून ठेवले जाते. आगरकर चुकले, त्यांनी माफी मागितली, शिक्षा भोगली आणि तरी बोलणे सोडले नाही. मला त्यांचा मोठेपणा यातच दिसतो.

म्हणून मंडळाला माझी एक विनंती आहे. आपल्या बैठकीच्या खोलीत खणांचे कपाट आहे. त्यात एका खणात कोऱ्या अर्जांचे कागद ठेवावेत आणि ज्या बहिणींना लिहिता येत नाही त्यांना लिहून द्यावे. अक्षर माझे फार चांगले नाही, पण दर मंगळवारी दुपारी मी बसायला तयार आहे.

गोपाळरावांच्या स्मृतीस माझे वंदन.